सेकंड हँड, फर्स्ट क्लास!

बजेट लाख-दीड लाखाचं, सोसायटीत पार्किंग जेमतेम आणि घरात एकच धोशा, "आता चारचाकी घ्याच!" चला तर मग, सीटबेल्ट लावा. जुन्या छोट्या गाड्यांच्या दुनियेत एक सुस्साट चक्कर मारू!

माहीत आहे का, टायरलाही जन्मतारीख असते? टायरच्या बाजूला 'डीओटी'पासून सुरू होणारी अक्षरं शोधा आणि शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला डोकवा. विकणारा "टायर आत्ताच टाकलेत साहेब" म्हणत असताना तुम्ही खाली वाकून कुंडली मांडून मोकळे! आणि नक्षी खोल आहे म्हणून खूश होऊ नका. वयानं रबर कडक होतं, पकड सुटते.

काचाही कमी चुगलखोर नसतात बरं! प्रत्येकीच्या कोपऱ्यात कंपनीचा बारीक छाप आणि सालाची खूण असते. बाकी सगळ्या एका वयाच्या आणि एकच भलतीच तरुण? म्हणजे ती बदललीय. "पोरांनी क्रिकेटचा बॉल मारला हो!" असेलही. पण त्या दाराची रबरी पट्टी जरा उचला. आतल्या पत्र्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीनं दिसायला हवेत. ते गायब असतील, तर बॉल बहुधा ट्रकएवढा होता.

मीटर सांगतं ४० हजार किलोमीटर. क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकाचक, ड्रायव्हरची सीट खचलेली. मीटर मागे फिरवणारे उस्ताद गल्लोगल्ली भेटतात, पण पेडलकडे कुणाचं लक्षच जात नाही!

आता जरा गंभीर. २६ जुलै २००५ आठवतोय? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि मुंबईत गाड्यांवर गाड्या पाण्याखाली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सेंट मारून पुन्हा बाजारात येते, हे तेव्हाही व्हायचं आणि आजही होतं. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली, तर किल्ली परत देऊन चहासुद्धा न घेता निघा.

मूड बदलू या! आपली लाडकी मारुती ८००. पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी खुद्द इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. लकी ड्रॉत नंबर लागला होता! २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ती विकलीच नाही. सेकंड हँड बाजारात ज्या गाडीनं राज्य केलं, तिचा पहिलाच नग कधी सेकंड हँड झाला नाही. आहे की नाही गंमत? आणि हो, नावात ८००, पण इंजिन ७९६ सीसीचं. चार सीसींचा डिस्काउंट!

आता छोट्यांतली छोटी, नॅनो. इंजिन मागे, पेट्रोल भरायचं पुढून, स्टेपनीही पुढेच. वायपर एक, चाकाला नट फक्त तीन. सुरुवातीच्या मॉडेल्सची डिकी बाहेरून उघडायचीच नाही, मागची सीट पाडून सामान आत सरकवायचं. जुनी नॅनो बघायला गेलात आणि डिकीचं हँडल सापडेना, तर विकणाऱ्याशी भांडू नका!

माहीत आहे का, शेपूट कापून कर वाचवता येतो? चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते. म्हणून २०१२ ची नवी स्विफ्ट डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आणून बसवली, आधीची ४१६० होती. लंकेत जे राक्षसांना जमलं नाही, ते करखात्यानं केलं. मारुतीची शेपटीच छाटली!

गाडी दारात आली? मग तिच्या धुरावर नजर ठेवा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा थांबतच नसेल, तर कूलंट आत शिरतंय. थंडीत सकाळी सुरुवातीला निघते ती वाफ, तिला घाबरू नका. आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतणाऱ्या दानशूर मित्राला बोनेटपासून लांब ठेवा. आतून गंज चढतो, मग रेडिएटरचा खर्च तुमच्या माथी.

चौदा वर्षांची गाडी एकदम स्वस्तात का मिळते, सांगू? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. पुढचं नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ पासून ते थेट ५,००० झालं. वर फिटनेसची तपासणी, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. हा हिशेब धरूनच भाव पाडा.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका! गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून एजंटच्या भरवशावर झोपलात, तर झोप उडेल. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ठणकावलंय. नवा गडी ठोकेल आणि भरपाईची नोटीस तुमच्या दारी!

आणि जाता जाता, विम्याचा नो क्लेम बोनस. ५० टक्क्यांपर्यंतची ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी तुमच्या दारात येते, बोनस जुना मालक घेऊन जातो. तेव्हा "विमा भरलेलाय, टेन्शन नको" ऐकलंत, तरी पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका आणि फरकाचे पैसे गाडीच्या बजेटमध्ये आधीच बाजूला काढा!