यंत्रमानवाचं बळ आणि त्याचं वजन

शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड या पट्ट्यात बंदराची गोदामं आहेत, ट्रक लागतात, माथाडींच्या टोळ्या माल उतरवतात आणि थप्प्या लावतात. खोकी उचलणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रमानवांचे व्हिडिओ आता याच लोकांच्या मोबाइलवर येतात, आणि बोलणं दोन टोकांना जातं. हे यंत्र दहा हमालांचं काम एकटं करील, हे एक टोक. बिघडलं तर माणसाला चिरडून टाकील, हे दुसरं. दोन्हीकडे ताकदीचा अंदाज चुकतो, आणि खरा धोका जिथे आहे तिकडे नजरच जात नाही.

आधी ताकद पाहू. टेस्लाने ऑगस्ट 2021 मध्ये ‘ऑप्टिमस’ची घोषणा केली, तेव्हा सांगितलेले आकडे असे: उंची 173 सेंटिमीटर, वजन 57 किलो. जमिनीवरून 68 किलो उचलेल, पण घेऊन चालायचं तर 20 किलो, आणि हात पूर्ण लांबवून धरायचं तर साडेचार किलो. हे झाले घोषणेतले आकडे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात 2024 पासून खरोखर कामाला असलेला ‘डिजिट’ साधारण 16 किलोपर्यंतची खोकी हलवतो. ज्याच्या नाचाचे आणि उड्यांचे व्हिडिओ सर्वांत जास्त फिरतात, तो युनिट्री कंपनीचा ‘जी1’ पस्तीस किलोचा आहे आणि एका हाताने दोन-तीन किलो पेलतो. बॉस्टन डायनॅमिक्सच्या नव्या ‘ॲटलस’ची क्षमता 50 किलोपर्यंत सांगितली जाते, पण तो अपवादच.

आता शिवडीतलं वजन बघा. सिमेंटची एक गोणी 50 किलोची. कापसाची प्रमाणित गाठ 170 किलोची, आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांत एकेकाळी अशा गाठींचे डोंगर असत. ती गाठ एकटा माणूसही उचलत नाही. ते टोळीचं काम आहे, आणि त्यात ताकदीइतकंच कसब आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एका वेळी 55 किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये. आज कामावर असलेले बहुतेक यंत्रमानव त्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत.

कारण सरळ आहे. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका खांद्याच्या सांध्यावरचा पीळ जास्त. तो सोसायला मोटर मोठी हवी, मोठ्या मोटरला बॅटरी मोठी हवी, आणि हे सगळं वजन त्याच दोन पायांवर येतं. त्यात पुढे धरलेलं ओझं तोल पुढे खेचतं. माथाडी गोणी पाठीवर किंवा डोक्यावर घेतो, म्हणजे भार थेट पावलांवर उतरतो. शतकानुशतकांच्या अनुभवाने आलेली ही रीत यंत्रांना अजून साधलेली नाही. बहुतेक यंत्रं ओझं पोटासमोरच धरतात.

यावरून लोक लगेच दुसरा निष्कर्ष काढतात: ताकद माणसापेक्षा कमी, म्हणजे भीती नाही. हा गैरसमज पहिल्यापेक्षा घातक आहे.

माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोंसाठी 2016 मध्ये एक आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवज आला, आयएसओ/टीएस 15066. शरीराच्या कुठल्या भागावर किती दाब चालेल, याचे आकडे त्यात आहेत. चेहऱ्यासाठी मर्यादा 65 न्यूटन, म्हणजे साधारण साडेसहा किलो वजनाचा दाब. छातीसाठी 140 न्यूटन. आता हिशेब करा. वीस किलो पेलणारं यंत्र जवळपास 200 न्यूटन जोर लावतं. हमाल म्हणून ते दुबळं ठरेल, पण चेहऱ्याची मर्यादा ते तिपटीने ओलांडू शकतं. ओझ्याच्या मोजपट्टीवर कमकुवत असलेलं यंत्र इजेच्या मोजपट्टीवर अजिबात कमकुवत नसतं.

दुसरी गोष्ट हाताच्या वेगाची. लहान मोटरमधून जास्त जोर काढायला मध्ये गिअर घालतात. मोटर शंभर फेरे फिरेल तेव्हा कोपर एक फेरा फिरेल, असा गिअर असेल तर बाहेरून धक्का देणाऱ्याला त्या मोटरचं फिरतं जडत्व दहा हजार पटींनी जाणवतं. असा हात वेगात असताना मध्ये आलेल्या माणसाला तो मागे ढकलता येत नाही. म्हणून काही कंपन्या कमी गिअरच्या मोटरी वापरतात, काही स्नायूंसारख्या दोऱ्यांनी हात ओढतात. घरात वापरण्यासाठी म्हणून 2025 मध्ये विक्रीला आलेला ‘निओ’ दोऱ्यांवर चालतो आणि त्याचं वजन तीसच किलो ठेवलं आहे. हा विचार योग्य दिशेचा आहे. उलट, नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका यंत्रमानव कंपनीच्या माजी सुरक्षाप्रमुखाने न्यायालयात दावा केला की त्या कंपनीचं यंत्र माणसाची कवटी फोडण्याइतका जोर लावू शकतं. कंपनीने आरोप नाकारले आहेत. निकाल काहीही लागो, हा प्रश्न न्यायालयात जाण्याआधी प्रयोगशाळेत मोजून सुटायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, पडणं. सत्तर किलोचं, 170 सेंटिमीटर उंचीचं यंत्र काठीसारखं ताठ आडवं झालं, तर जमिनीला टेकताना त्याच्या डोक्याचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात हाताच्या ताकदीचा काही संबंध नाही. हे काम गुरुत्वाकर्षण करतं. पडणं ही दुर्मीळ घटनाही नाही. फुकुशिमाच्या अपघातानंतर अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेने घेतलेल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, जून 2015 मध्ये, एकामागून एक यंत्रमानव कोसळले. जिंकलेलं कोरियन यंत्र गुडघे टेकून चाकांवर सरकू शकत होतं. एप्रिल 2025 मध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये 21 यंत्रमानव उतरले, त्यांपैकी सहाच शेवटपर्यंत पोचले. आणि तो शर्यतीसाठी निवडलेला रस्ता होता. जुलैच्या पावसात बंदराच्या बाजूचे गोदामरस्ते कसे असतात, हे शिवडीकरांना सांगायला नको.

‘लाल बटण असतंच ना, दाबलं की थांबेल.’ कारखान्यात रोबो पाहिलेले लोक हे हमखास म्हणतात, आणि त्यांच्या अनुभवापुरतं ते खरंही आहे. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात 2010 पासून माणसांशेजारी काम करणारे रोबो-हात आहेत. असा हात बैठकीला बोल्टने पक्का असतो. वीज तोडली की ब्रेक लागतात आणि तो जागच्या जागी गोठतो. दोन पायांवरचं यंत्र उभं राहण्यासाठीच सतत वीज वापरत असतं. वीज तोडली की ते कोसळतं, कदाचित बटण दाबणाऱ्याच्याच अंगावर. सुरक्षेचा सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा उपाय इथे उलटतो. म्हणून अशा तोल सांभाळणाऱ्या यंत्रांसाठी वेगळं मानक, आयएसओ 25785, तयार होत आहे. आणि म्हणूनच जॉर्जियातला डिजिट माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेत काम करतो. जाहिरातीत तो माणसांत मिसळलेला दिसतो ते सोडून द्या.

यंत्र माणसावर उलटेल, ही बंडाची भीती मात्र निराधार आहे. टांगलेला यंत्रमानव पिसाळल्यासारखे हातपाय झाडतो, असे व्हिडिओ 2025 मध्ये खूप फिरले. पाय जमिनीला टेकलेले नसताना तोल सांभाळणारा प्रोग्राम चालू राहिला, तर तो नसलेली जमीन शोधत प्रत्येक चूक आणखी जोराने दुरुस्त करायला जातो. त्यात राग नाही. तसंच, आयझॅक ॲसिमॉव्हचे तीन नियम 1942 च्या एका कथेतून आले आहेत, ते कुठल्याही यंत्रात बसवलेले नाहीत.

धोक्याच्या कामाला माणसाचाच आकार हवा, हेही खरं नाही. शिवडीच्या समोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळणारी दूरनियंत्रित यंत्रं आहेत आणि त्यांना ना डोकं आहे ना पाय. जुलै 2019 मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने उतरवलेला रोबो पट्ट्यांवर सरकणारा होता.

रोबोमुळे झालेल्या मृत्यूंच्या नोंदीतही बंड कुठे दिसत नाही. 1979 मध्ये मिशिगनमधला फोर्डचा कारखाना, 1981 मध्ये जपानमधला कावासाकीचा, 2015 मध्ये हरियाणातलं मानेसर: तिन्ही ठिकाणी यंत्र कारखान्यातलं होतं, आणि चालू यंत्राच्या टप्प्यात माणूस गेला होता.

महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे, मालक, कामगार आणि सरकार यांची मंडळं आहेत. गोदामात असं यंत्र आणायची वेळ आली, तर प्रश्न तिथेच विचारले जावेत. याचं वजन किती? वीज गेली तर ते हळू बसतं की कोसळतं? त्याच्याभोवती उंचीच्या दुप्पट अंतराची रेषा आखली आहे का? आणि पडलं तर उचलायचं कोणी? टोळीतला कुणीतरी सवयीने हात द्यायला पुढे होईल. पण पडलेली ही यंत्रं पुष्कळदा आपणहून उठायचा प्रयत्न करतात आणि त्या वेळी त्यांचे हातपाय पूर्ण जोराने फिरतात. बॅटरी तोडल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला कुणीही हात लावायचा नाही, हा नियम गोदामाच्या दारावर मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, आणि यंत्र आत येण्याच्या आधी लिहिलेला असावा.