बालमृत्यूची नोंद कोणाच्या खाती?

चंदीगडमध्ये दगावणारे प्रत्येक अर्भक चंदीगडचे नसते. १९६२ साली स्थापन झालेल्या येथील ‘पीजीआय’मध्ये पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातून अत्यवस्थ बालके आणली जातात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते. परिणामी, दूरच्या खेड्यातील बाळाचा मृत्यू या शहराच्या दप्तरी जमा होतो आणि त्या खेड्याच्या नोंदवहीतले पान कोरे राहते.

म्हणूनच बालमृत्यू दरासाठी आपण महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीवर विसंबतो. निवडक वस्त्यांतील जन्म-मृत्यू स्थानिक गणक वर्षभर टिपतो. पर्यवेक्षक दर सहामाहीस स्वतंत्रपणे घरोघरी चौकशी करतो. तफावत आढळल्यास फेरपडताळणी होते. येथे मृत्यू नेहमीच्या निवासाच्या खाती धरला जातो. ही रचना मला विश्वासार्ह वाटते. परंतु २०११च्या जनगणनेत जेमतेम साडेदहा लाख लोकसंख्या असलेल्या चंदीगडसाठी नमुना तोकडा पडतो. छोट्या राज्यांचे व केंद्रशासित प्रदेशांचे दर तीन वर्षांच्या आधारे काढले जातात ते यामुळेच. तेव्हा दर एखाद्या अंकाने घसरताच होणारा जयघोष अनाठायी होय.

देशाच्या आकड्यांतही एकवाक्यता नाही. नमुना नोंदणीनुसार २०२० मध्ये हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके दगावली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने हा दर ३५ दाखवला. पाहणी मातांच्या स्मरणावर आधारलेली असून मागील पाच वर्षांचा काळ मोजते. दोन्ही आकडे सरकारीच आहेत; मात्र सोयीचा तेवढा उचलणे हे धोरण नव्हे.

खरी गळती गावपातळीवर होते. काही क्षण श्वास घेतलेले बाळ ‘उपजत मृत’ म्हणून नोंदवले गेले, की ते बालमृत्यूच्या हिशेबातूनच बाद होते. २००१ साली डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील सरकारी नोंदी आणि प्रत्यक्ष मृत्यू यांतील दरी उघड केली होती. मृत्यू कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावरच ठपका येणार असेल, तर मृत्यू नव्हे, नोंदी घटतात.

उपाय अवघड नाही. मृत्यू नोंदणीच्या अर्जात मृताचा निवासही विचारला जातो. २०२३च्या दुरुस्तीने राष्ट्रीय माहितीसाठ्याची तरतूदही केली आहे. चंदीगडमध्ये नोंदलेला प्रत्येक बालमृत्यू मूळ जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यास कळवला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. जे मूल कोणाच्याच यादीत नाही, त्याच्या गावाला परिचारिका आणि नवजात कक्ष देण्याची निकड कोणत्याही सरकारला भासणार नाही.