दीक्षाभूमीला जाताना बाजारातून काय घ्यावे, काय टाळावे

अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या बस्त्यांमधून नागपूरला जाण्याची तयारी सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली, त्या भूमीवर जायचे म्हणून म्हाताऱ्या आईपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळे निघतात. पांढरे कपडे, पंचशील ध्वज, वाटखर्च यांची आठवण सर्वांना असते. दोन-तीन दिवस खायचे काय, हा प्रश्न मात्र "तिथे गेल्यावर पाहू" म्हणून राहून जातो. मग परतीच्या गाडीत एखादे मूल उलट्या-जुलाबांनी मलूल होते आणि सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. म्हणून या वेळी आम्ही बाजारातल्या खाण्याविषयी लिहीत आहोत.

घरची शिदोरी पहिल्या दिवसापुरती धरा. चपाती, भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा चालतो. शिजवलेला भात, वरण, उसळ मात्र उकाड्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये. तेवढ्या वेळात जंतू झपाट्याने वाढतात. शिळ्या भातात तर काही जंतूंचे असे विष तयार होते, की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. मैदानावर अन्नदानाचे जेवण मिळाले तर गरम असतानाच पोटभर खा. रात्रीसाठी डब्यात भरून ठेवू नका.

दुसऱ्या दिवसापासून आधार बाजाराचा. नागपूर स्टेशनच्या पूर्वेकडे संत्रा मार्केट आहे. स्टेशनपासून थोड्या अंतरावर महात्मा फुले भाजी बाजार आहे, लोक त्याला कॉटन मार्केट म्हणतात. सीताबर्डीचा बाजारही सर्वांना ठाऊक आहे. भाजी आणि फळे घ्यायची तर सकाळी जा. माल ताजा असतो आणि ऊनही कमी असते. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.

काय घ्यावे, हे ओळखायला तीन सोप्या खुणा आहेत.

पहिली, सोलता येते का? केळी, संत्री, मोसंबी आपल्या हाताने सोलून खाता येतात, म्हणून ती सुरक्षित. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत येऊ लागतात. साल थोडी हिरवी असली म्हणून फळ वाईट नसते. सालीसकट उकडलेले अंडे घेऊन स्वतः सोलावे. काकडी घेतली तर चांगल्या पाण्याने धुऊन, सोलून खावी.

दुसरी, वाफ येते का? समोर कढईतून निघालेले, तव्यावरून उतरलेले घ्या. नागपूरचे तर्री-पोहे चांगलेच, पण तर्री उकळती हवी. सकाळी तळून ढीग लावलेली भजी दुपारी घेऊ नका.

तिसरी, कोरडे आहे का? फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, मुरमुरे हे गाडीत टिकते, पोट भरते आणि स्वस्तही पडते. मधुमेह असलेल्यांनी गूळ टाळून फुटाणे-शेंगदाणे जवळ ठेवावेत. गोळी घेतली आणि जेवणाला उशीर झाला तर साखर एकदम उतरते. त्यासाठी थोडी साखर किंवा ग्लुकोजची पुडी वेगळी ठेवावी.

कापून ठेवलेली फळे, उघडी पाणीदार चटणी, बर्फ घातलेला उसाचा रस आणि सरबत टाळा. बर्फ कुठल्या पाण्याचा, हे आपल्याला दिसत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले खाऊ नका, छपाईची शाई पोटात जाते. आपला डबा किंवा ताटली पुढे करा. घरून छोटी सुरी, साबणाची वडी आणि पाण्याची बाटली न्या. खाण्यापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे हेच सर्वांत स्वस्त औषध आहे. पाण्याची बाटली विकत घेतली तर सील तपासा.

दुकानदाराला "ताजे तळून द्या", "गरम करून द्या" म्हणायला संकोच करू नका. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांनी सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली ठेवली. बाजारात पारखून, विचारून घेणे हा त्याच हक्काचा रोजचा वापर आहे.

इतके करूनही जुलाब लागले तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. ओआरएसच्या दोन-तीन पुड्या सोबत असाव्यात. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घोळा. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलेले फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. लेकराला घोट-घोट पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त आले, मूल सुस्त पडले किंवा काहीच पोटात ठरेना, तर लगेच दवाखाना गाठा. स्टेशनजवळ मेयो हे सरकारी रुग्णालय आहे.

६ डिसेंबरला दादरला किंवा बोधगयेला जाल तेव्हाही हेच नियम लागू पडतात. गाव बदलले तरी सोलता येणारे, वाफाळते आणि कोरडे एवढे लक्षात ठेवले की पुरे. बाजारात वाचलेल्या पैशांत दीक्षाभूमीवरून एखादे पुस्तक जास्त घरी येईल.

जय भीम!