समदुःखी सोबती

सुटकेचा दिवस हा कैद्याच्या आयुष्यातील आनंदाचा दिवस, अशी आपली साधी समजूत असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक माणसांची पुढची हकीकत काही वैद्यकीय संशोधकांनी तपासली. २००७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष या समजुतीला हादरा देणारे होते. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांत मृत्यूचे प्रमाण, वयाचा वगैरे फरक जमेस धरूनही, राज्यातील इतर लोकांच्या सुमारे तेरापट होते. मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने आलेल्या मृत्यूंचे तर १२९ पट! तुरुंगात व्यसन सुटलेले असते, शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडलेला माणूस जुन्याच मात्रेकडे वळतो आणि ती त्याचा घात करते.

त्यातच मनाचा आजार असला, तर जवळ थोड्या दिवसांपुरती औषधे, निवाऱ्याचा पत्ता नाही, आणि पॅरोल अधिकाऱ्याकडे हजेरी मात्र चुकवायची नाही, अशी अवस्था होते. गरिबांच्या औषधोपचाराचा भार वाहणारी तेथील ‘मेडिकेड’ योजना १९६५ सालापासून चालू आहे. पण कैद्याच्या तुरुंगातील उपचारांचा खर्च ती सामान्यतः देत नाही. सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांत काही सेवा देण्याची मुभा प्रथम कॅलिफोर्नियाला मिळाली, ती २०२३ साली.

या पोकळीत एक निराळाच कार्यकर्ता उभा राहिला आहे. तो डॉक्टर नव्हे, पोलीस नव्हे; स्वतः मनोविकारातून किंवा व्यसनातून सावरलेला आणि स्वतःही तुरुंग भोगून आलेला माणूस. कल्पना अगदी नवी नाही. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना १९३५ साली जन्मली, ती याच तत्त्वावर. आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनमुक्त झालेली माणसे नव्या रुग्णांना हात देतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ साली अशा सोबत्यांच्या कामाचा मोबदला मेडिकेडमधून देण्यास आरंभ केला आणि ही माणुसकी रीतसर व्यवसाय बनली.

श्रोतेहो, हा सोबती असे करतो तरी काय? तो तुरुंगाच्या दाराशी घ्यायला येतो, औषधांच्या दुकानापर्यंत बरोबर जातो, कोर्टाच्या बाकावर शेजारी बसतो. पण त्याचे खरे भांडवल वेगळेच आहे. नजरेला नजर न देणे, अधिकाऱ्यापाशी अवाक्षर न काढणे, आपले दुबळेपण लपवणे हे तुरुंगात टिकून राहण्याचे शहाणपण असते. तेच वागणे दवाखान्यात दिसले की डॉक्टरला तो हट्ट वाटतो, कधी रोगाचे लक्षणही वाटते. ही भाषा ज्याने स्वतः बोललेली असते, त्याला ती चटकन उमगते. डॉक्टरला ती समजावून सांगणे, हेही मग त्याचेच काम होते.

त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. अशा सोबतीने पुन्हा अटक होण्याचे प्रमाण निश्चित घटते, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा अद्याप गोळा झालेला नाही. उपचार टिकवण्यास आणि उमेद धरण्यास तिचा उपयोग होतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. शिवाय दुसऱ्याचे घसरणे रोज पाहताना सोबत्याचा स्वतःचा तोलही सांभाळावा लागतो. त्यासाठी त्यालाही कुणाचा तरी आधार लागतोच, आणि पगाराचा विचार करताना नेमके हेच विसरले जाते.

सर्वांत विचित्र अडचण मात्र कायद्याची आहे. ज्या शिक्षेमुळे हा मनुष्य या कामाला लायक ठरतो, तीच शिक्षा त्याच्या नोकरीच्या अर्जावर डाग म्हणून मोजली जाते. कित्येक तुरुंग त्याला आत येऊ देत नाहीत. संघराज्याच्या न्यायालयांनी देखरेखीखाली सोडलेल्या माणसावर सामान्यतः एक अट असते: गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्या व्यक्तीशी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून संबंध ठेवता कामा नये. म्हणजे सोबत्याने सुटलेल्या माणसाला चहाला बोलवायचे, तरी आधी परवानगी काढावयास हवी.