पंचविसाची हद्द

नंबर प्लेट नको, लायसन नको, विमा नको आणि पेट्रोलचा तर प्रश्नच नाही. तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला बॅटरीवरची सायकल किंवा छोटी ई-स्कूटर का भुरळ घालते, हे समजायला जाहिरात वाचावी लागत नाही. बोईसर स्टेशनला लोकलमधून उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत तिष्ठायचे की गेटपर्यंत आपले आपण जायचे, एवढाच सवाल असतो.

ही मोकळीक मात्र अटींवर मिळालेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची सलग अर्ध्या तासाची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत असेल, तरच ते ‘मोटार वाहन’ ठरत नाही. पॅडलवाल्या ई-सायकलीची मोटर तर २५चा वेग गाठताच किंवा पाय थांबताच बंद व्हायला हवी. शिवाय पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवा. युरोपातही साध्या ई-सायकलीसाठी २५० वॅट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत.

पण बोईसर-चिल्हार रस्त्यावर पंचविसाने चालवून पाहा. मागून रसायनांचा टँकर हॉर्न मारतो, शेजारून स्टीलचा ट्रेलर घासून जातो आणि डावीकडे सरकावे तर पावसाने खाल्लेली साइडपट्टी. मग कुणीतरी सल्ला देतो: ‘लॉक काढून घे, चाळीस-पंचेचाळीस आरामात जाते.’ कंट्रोलरमधून निघालेली वेगमर्यादेची एक बारीक वायर सुटी केली, की काही गाड्यांत काम होते. काही ठिकाणी कंट्रोलरच मोठा बसवतात, नाहीतर जास्त व्होल्टची बॅटरी.

ब्रेक मात्र तेच राहतात.

इथे थोडे गणित करावेच लागेल. समोर म्हैस आडवी आली आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर २५च्या वेगात गाडी तेवढ्यात सात मीटर जाते, ४५च्या वेगात साडेबारा. त्यानंतर कोरड्या डांबरावर बेताच्या ब्रेकने थांबायला पहिलीला आणखी सहा मीटर, दुसरीला जवळजवळ वीस. म्हणजे एकूण १३ मीटर आणि ३२ मीटर. रस्ता ओला असेल तर दोन्ही आकडे फुगतात, पण दुसरा फार जास्त. वेग दुपटीच्याही आत वाढला, तरी धडकेची ऊर्जा मात्र सव्वातीन पट होते. हलकी चौकट, अरुंद टायर आणि डोक्यावर बहुधा काहीच नाही, अशा स्थितीत हा फरक हाडांवर निघतो.

कायद्याच्या नजरेत तर वायर सुटली की गाडीची जातच बदलते. वेग २५च्या वर गेला की ती मोटार वाहन. मग नोंदणी, लायसन, विमा, हेल्मेट सगळेच लागू. मे २०२२मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश आरटीओंना दिले होते. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे पादचाऱ्याला धडक बसली तर भरपाईला विमा कंपनी नाही, खिसा आपलाच.

बॅटरीचीही एक बाजू आहे. सप्टेंबर २०२२मध्ये याच पालघर जिल्ह्यात, वसईत, घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्या दुर्घटनेचा वेगाशी संबंध जोडता येणार नाही. पण मोठा कंट्रोलर मूळ बॅटरीतून आणि वायरिंगमधून जास्त करंट ओढतो, त्याने उष्णता वाढते. आणि तीच तापलेली बॅटरी रात्री खोलीत, बहुधा दाराशीच, चार्जिंगला लागते.

तरीही टँकरला घाबरणाऱ्या माणसाचे म्हणणे खोटे नाही. साठच्या वेगाने जाणाऱ्या ट्रेलरपुढे पंचविसाची सायकल असुरक्षितच. पण त्यावर उतारा वायर कापणे हा नव्हे. ज्याला रोज चिल्हार फाट्यापर्यंत जायचे आहे त्याने नोंदणीची, एमएच-४८ची पाटी असलेली ई-स्कूटर घ्यावी. तिचे ब्रेक आणि टायर त्या वेगासाठी चाचणी होऊन आलेले असतात. बिननोंदणीची गाडी घेताना दुकानदाराकडे त्या मॉडेलचे, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र मागावे, आणि ‘लॉक आम्हीच काढून देतो’ असे काउंटरवर ऐकू आले तर दुसरे दुकान गाठावे.