'फकिरा'च्या आधीचा शाहीर

१९५९ साली 'फकिरा' आली आणि अण्णा भाऊ साठे कादंबरीकार म्हणून घरोघर पोचले. गिरणगाव मात्र त्यांना आधीची पंधरा-सोळा वर्षे ओळखत होता तो गाण्यांमुळे. आपल्याकडे त्यांच्या कादंबऱ्या एका कप्प्यात जातात आणि गाणी 'शाहिरी' म्हणून दुसऱ्या. ही वाटणी मला कधीच पटली नाही.

वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या या मुलाला शाळा जवळजवळ लाभलीच नाही. तो घडला तमाशाच्या फडात. पुढे मुंबईची गिरणी, माटुंग्याचा लेबर कँप, कम्युनिस्ट पक्ष, आणि १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा. गडकोटांच्या लढाया सांगत आलेल्या डफ-तुणतुण्यावर व्होल्गाकाठचं युद्ध त्यांनी कामगारांना ऐकवलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं, आणि बंगालचा दुष्काळही पोवाड्यात आला.

लावणीत त्यांनी थेट पठ्ठे बापूरावांना उत्तर दिलं. बापूरावांना भुलवणारी मुंबई अण्णा भाऊंच्या लावणीत दुभंगून दिसते: इकडे मलबार हिल, तिकडे परळ. वगांमध्ये त्यांनी तमाशाचा साचाच हलवला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवराय आले, सावकाराला भर रंगमंचावर उघडं पाडलं गेलं.

पण सगळ्यात मोठं काम झालं ते छकडीत. 'माझी मैना गावावर राहिली' ऐकताना सुरुवातीला वाटतं, पोटासाठी मुंबईला आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतोय. तिचं रूप, तिचे दागिने, तिचा निरोप. चाळीच्या खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या प्रत्येक गड्याचं ते दुखणं. मग मुंबईतली त्याची परवड येते, आणि बघता बघता ती मैना बेळगाव-कारवार-डांगचा तुटलेला मुलूख होऊन जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये भाषणं पुष्कळ झाली, पण सीमाभागाची ताटातूट इतकी घरातली करून कोणी सांगितली नाही. एका माणसाच्या विरहातून सगळ्या मुलखाचं दुःख उभं करणं ही कादंबरीकाराचीच नजर आहे.

उलटही तितकंच खरं. 'फकिरा'तली वाक्यं आखूड, ठोक्यावर पडणारी आहेत, कारण ती पोवाड्यातून आली आहेत. फकिराचा बाप राणोजी गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी शिगावहून आणायला निघतो, तो भाग कधी मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा, आणि घरात कोणी ऐकणारं असेल तर त्याला समोर बसवून वाचा.