सनद नसलेले नाणे

चॅलेंज कॉईन हे नाव ऐकून ते कुठल्या तरी देशाचे चलन असावे असे वाटते, पण त्या नाण्याने काहीही विकत घेता येत नाही. अमेरिकी सैन्यात जवळजवळ प्रत्येक तुकडीचे असे स्वतःचे नाणे असते. व्यास साधारण चार-साडेचार सेंटिमीटर, धातू पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू, एका अंगाला तुकडीचे चिन्ह, दुसऱ्या अंगाला ब्रीदवाक्य किंवा देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, आणि वर रंगीत मिनाकाम. ते देण्याची रीतही ठरलेली आहे. अधिकारी नाणे तळहातात दडवून सैनिकाशी हस्तांदोलन करतो आणि हात सुटतात तेव्हा नाणे सैनिकाच्या मुठीत गेलेले असते. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स २०११ मध्ये पद सोडण्याआधी अफगाणिस्तानातल्या तळांवर गेले, तेव्हा रांगेतल्या सैनिकांना त्यांनी असेच हातोहात नाणे दिले. ‘चॅलेंज’ हा शब्द मात्र मद्यालयातला आहे. एकाने आपले नाणे टेबलावर आपटले की बाकीच्यांनी आपापले दाखवायचे. ज्याच्या खिशात नाही त्याने सगळ्यांना पाजायची, आणि सगळ्यांकडे निघाले तर आव्हान देणाऱ्याने.

इथवर सगळा खेळ आहे. पेच पडतो तो ‘हे मी मिळवले आहे’ या वाक्यापाशी. एखादा गृहस्थ नाण्यांनी भरलेली फळी दाखवतो, एका नाण्यावर बोट ठेवून गुप्त मोहिमेची गोष्ट सांगतो, आणि ऐकणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो की हे नाणे खणखणीत आहे की गोष्ट बद्द वाजते आहे. मी या विषयाच्या नादी लागलो तो या प्रश्नामुळेच. शोधत गेल्यावर पहिली गंमत अशी कळली की या प्रथेच्या उगमाची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तीच मुळी सिद्ध करता येत नाही.

कथा पहिल्या महायुद्धातली. एका श्रीमंत अमेरिकी लेफ्टनंटने आपल्या वैमानिक तुकडीसाठी ब्राँझची पदके पाडून घेतली. एका वैमानिकाने आपले पदक चामड्याच्या लहानशा पिशवीत घालून गळ्यात अडकवले. पुढे त्याचे विमान पडले आणि तो जर्मनांच्या हाती सापडला. त्यांनी त्याची ओळखपत्रे काढून घेतली, गळ्यातली पिशवी तेवढी राहिली. रात्री तोफांचा मारा सुरू झाला, त्या धांदलीत तो साध्या नागरी कपड्यांत निसटला आणि फ्रेंच चौकीवर पोचला. त्या भागात नागरी वेषातल्या घातपात्यांचा सुळसुळाट झाला होता. फ्रेंचांनी त्याला हेर ठरवून गोळी घालायची तयारी केली. त्याने पदक दाखवले, एका फ्रेंच सैनिकाने त्यावरचे चिन्ह ओळखले, आणि गोळीऐवजी त्याला वाइनची बाटली मिळाली.

ही कथा मी जिथे जिथे वाचली तिथे लेफ्टनंटला नाव नाही, वैमानिकाला नाव नाही, तुकडीला क्रमांक नाही आणि गावाचाही पत्ता नाही. चामड्याची पिशवी आणि वाइनची बाटली मात्र कुठेच गळत नाहीत. दस्तऐवजात नावे टिकतात आणि बारकावे हरवतात, लोककथेत याच्या उलट होते. शकुंतलेची अंगठी ठाऊक असलेल्या वाचकाला हा साचा नवा नाही. खुणेची वस्तू असते, ओळख नाकारली जाते, आणि अखेर ती वस्तूच साक्ष देते. घडल्याचा पुरावा नसला तरी कथा निरर्थक ठरत नाही. संकटात आपली ओळख पटवील अशी वस्तू गळ्यात असावी, ही सैनिकाची इच्छा तिच्यात आहे.

उगमाचे बाकीचे धागे कमी नाट्यमय आहेत, म्हणून मला अधिक विश्वासार्ह वाटतात. कोरियन युद्धात १७व्या पायदळ रेजिमेंटचे कर्नल विल्यम क्विन यांनी रेजिमेंटचे चिन्ह असलेल्या गव्याची नाणी पाडून घेतली होती. व्हिएतनाममध्ये सैनिक खिशात बंदुकीची गोळी बाळगत आणि मद्यालयात ती आपटून एकमेकांना आव्हान देत. पुढे चढाओढीने गोळ्यांचा आकार वाढत वाढत तोफगोळ्यांवर गेला, तेव्हा नाणे बरे, असे वरिष्ठांना वाटले म्हणतात. ही प्रथा सैन्यभर पसरली ती मात्र १९८०च्या दशकात. हा काळ ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येतो.

आता ‘मिळवणे’ म्हणजे काय ते पाहू. हवाई दलाचे प्राथमिक प्रशिक्षण टेक्सासमधल्या लॅकलंड तळावर होते. ते पुरे करणाऱ्याला समारंभपूर्वक ‘एअरमन्स कॉईन’ दिले जाते. ते घामाने मिळवलेले असते यात शंका नाही. सरकारी पैशातून पाडलेली नाणी अधिकाऱ्याने उल्लेखनीय कामगिरीसाठीच द्यावीत असा दंडक आहे. तोच अधिकारी स्वतःच्या खिशातून पाडून घेतलेली नाणी वाटेल त्याला देऊ शकतो, मग तो पाहुणा असो, पत्रकार असो की तळाला भेट द्यायला आलेला शाळकरी मुलगा. लष्करी तळावरच्या दुकानात तुकड्यांची नाणी विकायला असतात, संग्राहकांच्या बाजारात सेनापतींची आणि राष्ट्राध्यक्षांचीही मिळतात, आणि शे-दीडशे नगांची मागणी दिली तर कारखानदार हवे ते चिन्ह घालून नवी पाडून देतो. बिल क्लिंटन यांच्या अधिकृत व्यक्तिचित्रात पार्श्वभूमीला त्यांची नाणी मांडलेली दिसतात. ती सैनिकांनी त्यांना दिलेली. सरसेनापतीने ती ‘मिळवली’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे एकाच साच्यातून निघालेले एक नाणे आगीतून सहकाऱ्याला ओढून काढल्याबद्दल दिलेले असू शकते आणि दुसरे चहापानाला हजर राहिल्याबद्दल. नाण्याकडे बघून हा फरक कळत नाही.

पदकाची गोष्ट वेगळी. पदकामागे शिफारस असते, आदेश असतो, मानपत्र असते, आणि निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या ‘डीडी २१४’ या दाखल्यावर त्याची नोंद असते. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर पदकाला सनद आहे. नाण्याला ती नाही, आणि माझ्या मते त्याची गोडीही त्यातच आहे. कार्यालयाच्या वाटेला न जाता एका माणसाने दुसऱ्याला दिलेली ती शाबासकी आहे.

कायद्याचेही लक्ष पदकांवरच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेल्या झेवियर अल्वारेझ यांनी २००७ मध्ये जाहीर बैठकीत सांगितले की आपण पंचवीस वर्षे मरीन होतो आणि आपल्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले आहे. ते सैन्यात कधीच नव्हते. ‘चोरलेले शौर्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००५च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच रद्द केला. नुसते खोटे बोलणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाहेर पडत नाही, असा त्याचा मथितार्थ. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला. पैसा, मालमत्ता किंवा तत्सम लाभ उकळण्यासाठी ठरावीक पदकांचा खोटा दावा करणे हा आता गुन्हा आहे. त्या पदकांच्या यादीत नाण्यांना जागा नाही, आणि ते मला योग्यच वाटते. ज्याची नोंद होत नाही त्याच्या खोट्या दाव्यावर शिक्षा कशाच्या आधारे द्यायची?

तरीही दावा अगदीच तपासता येत नाही असे नाही. नाण्याची नोंद नसली तरी माणसाची असते. सेवेची जुजबी माहिती सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून कोणालाही मागवता येते, आणि दावेदार सांगतो त्या वर्षी तो त्या तुकडीत होता का, हे त्यातून बहुधा कळते. ‘माझी कागदपत्रे जळाली’ हे उत्तर इथे हमखास ऐकू येते. आग खरोखरच लागली होती. १२ जुलै १९७३ रोजी पेटलेल्या त्या आगीत एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली नष्ट झाल्या. पण त्या कोणाच्या होत्या ते ठाऊक आहे. १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या आणि १९४७ ते १९६४ दरम्यानच्या हवाई दलातल्या काहींच्या. नौदलाच्या आणि मरीन दलाच्या फायली त्यांत नव्हत्या. तेव्हा १९७०मध्ये व्हिएतनामहून परतलेला मरीन आगीचा हवाला देऊ लागला की कान टवकारावेत. दुसरी कसोटी खुद्द नाण्यावरच्या अक्षरांची. अमेरिकेची ‘स्पेशल ऑपरेशन्स कमांड’ १९८७ मध्ये स्थापन झाली. तिचे नाव असलेले नाणे कोणी १९६८च्या जंगलात मिळाले म्हणून दाखवत असेल, तर नाणे अस्सल असूनही गोष्ट खोटी ठरते.

मात्र या कसोट्या दुधारी आहेत. तोतये शोधायचा छंद लागलेली मंडळी अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि कागद मिळाला नाही एवढ्यावरून माणसाला चारचौघांत उघडे पाडण्याची घाई त्यांच्यातल्या काहींना असते. कोरियात लढून १९५३ मध्ये घरी आलेल्या भूदल सैनिकाची फाईल खरोखरच राख झालेली असण्याचा संभव मोठा आहे. पगाराच्या पावत्या आणि इतर कार्यालयांतले कागद जुळवून तिचा काही भाग पुन्हा उभा करता येतो, पण त्याला महिने लागतात आणि म्हातारा त्या वयात तेवढा वेळ कुठून आणणार? नाणे हरवलेल्या कागदाची जागा घेऊ शकत नाही, तसेच कागद नाही म्हणून माणूस तोतयाही ठरत नाही.

सगळ्यात अवघड जागा घरातली आहे. आजोबा जातात, कपाटात पंचवीस-तीस नाण्यांचा डबा सापडतो आणि नातवंडे प्रत्येक नाण्याला एकेक पराक्रम जोडू लागतात. त्यांत कोणाची लबाडी नसते, असते ती माया. त्यातली दहा नाणी दुकानातली असतील, पाच मित्रांशी अदलाबदल केलेली, आणि एखादे असे असेल की ते हातात ठेवताना देणाऱ्याला बोलवले नसेल. ते कोणते, हे एकट्या आजोबांना माहीत होते. डब्यात चिठ्ठी नसते.